भिंतीपलीकडचं नेट

यवतमाळ, ९ जानेवारी

प्रिय रोशनदादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून झालेलं क्रमानं लिहिते.

१. दिवाळीनंतर तू आणि सुगतनं, दोघा भावांनी, घरात भिंत घातली. आई सुगतकडे राहिली.
२. नेटची लाइन तुझ्या बाजूला राहिली.
३. आई रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन भिंतीला टेकून बसायची. पलीकडे तुझ्या दीपाला, वहिनीला, वाटलं, ती कान लावते.
४. तू पासवर्ड बदललास.

आईला सिग्नल तिथंच मिळायचा, एवढंच. मी कामाला आहे ती नेट कंपनी एका घराला इंटरनेटवरच्या पत्त्यांचा एकच गट देते, आणि एका गटात एकच नेटवर्क नीट चालतं. घराला एवढं पुरतं, असं साहेब म्हणतात. तुमची दोन नेटवर्क वेगळी करायला मी जास्त गट मागितले आहेत. तोवर आईचं नेट बंद ठेवू नकोस.

तुझी,
प्रियंका

बोरी अरब, १५ जानेवारी

चि. पियूले जयभीम.

शिकलेले लोक नंबर टाकून भांडतात, हे आज समजलं. माह्या ऑनलाइन सेंटरवर लोकायचे आधार अन् सातबारे राह्यतात. सुगत्याचं घर त्याच नेटवर कायले पायजे? अन् मायनं आमच्या घरातलं काहून आयकावं? तू नेट येगळं करून दे, मंग माहं काही म्हणणं नाही. वहिनीनं एसटीनं तुरीच्या शेंगा पाठवल्या. मिठात उकडून खाजो. वाळली असशीन.

तुहा दादा

यवतमाळ, २ फेब्रुवारी

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

शेंगा मिळाल्या. साहेबांनी मान्य केलं. आता प्रत्येक घराला दोनशे छप्पन्न गट मिळतात. शनिवारी मी येऊन गेले. तू दारव्ह्याला होतास. वहिनीनं दार उघडलं, चहाही दिला. एकाच लाइनवर दोन नेटवर्क वेगळी केली. सुगतकडून तुझे कॉम्प्युटर दिसत नाहीत. त्याचा राउटर आईच्या बाजेवरच्या फळीवर बसवला. सिग्नल पूर्ण आहे.

संध्याकाळी आई तरीही भिंतीपाशी जाऊन बसली. मोबाइल बाजेवरच होता. मी तिला म्हटलं, आता इथं बसायची गरज नाही. ती म्हणाली, रोशनची गाडी अजून आली नाही. तो येते, पाणी मांगते, तेवढं आयकलं का मले जेवण जाते.

म्हणजे वहिनीचं खरं होतं. आई कानच लावते. मी चुकीची गोष्ट दुरुस्त केली.

भिंतीत दार काढशील का? काढणार नसशील, तर मी आईला यवतमाळला घेऊन येते. इथं ऐकायला निदान भिंत तरी नसेल. हो किंवा नाही, एवढंच रविवारपर्यंत, ८ तारखेपर्यंत, लिहून कळव.

प्रियंका