पायानं मागे सरकवलेला बॉल

कॉव्हेंट्री, शनिवार संध्याकाळ

आज त्या शाळेशी रग्बीची मॅच होती, जिचं नाव काढलं की आमच्याकडचे सगळे पेरेंट्स तोंड वाकडं करतात. शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही पुढे होतो. मग त्यांच्या दोघांनी आमच्या नीलला पाडलं. तो उठला आणि बॉल खाली ठेवून पायानं शांतपणे मागे सरकवला. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच! त्यांच्या पोरानं तो बॉल उचलला, पळत सुटला, मॅच गेली.

गाडीत नीलच्या बाबानं, मिलिंदनं, मला समजावलं. शाळेत खेळतात ते युनियन, नील रविवारी क्लबात खेळतो ती लीग. लीगमध्ये पाडल्यावर उठू देतात, बॉल असाच पायानं मागे द्यायचा असतो. युनियनमध्ये त्यावर सगळे तुटून पडतात. दोन्हीला रग्बीच म्हणतात, मग मी काय ओळखणार?

रविवारचं नीलनं शाळेच्या कोचना सांगितलेलंच नव्हतं. आता पायानं सांगून टाकलं. "सोमवारी ये, बोलू," एवढंच म्हणाले ते. म्हणजे टीममधून काढणार? की याला स्वतःलाच सोडायचीय? सवयीनं गेला पाय, की...

विचारलं तर म्हणतो, "माहीत नाही, आई." मग जिन्यावरून परत खाली आला. "पण तू क्लॅप का केलं?"

काय सांगू? बॉलकडे माझं लक्षच नव्हतं. दोन धिप्पाड पोरांखालून तो उठला, एवढंच मी बघत होते.