खडकावरच्या खुर्च्या

३ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा झुंबड! धरण बघायला म्हणे. काय बघायचं असतं त्यात? भिंत आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नाही. एकोणीस वर्षं धरणाचे दरवाजे चालवतोय, मला अजून त्यात सौंदर्य सापडलेलं नाही. एका गॉगलवाल्याने खिडकीवर टकटक केली — "काका, थोडं पाणी सोडा ना, व्हिडिओ काढायचाय." जसा काही मी नळ घेऊनच बसलोय! म्हटलं, घरी जा आणि बादली भरा. लगेच साहेबांकडे तक्रार. साहेब म्हणतात, "पाहुण्यांशी जरा गोड बोलत जा." कोणाचे पाहुणे? मी तर कोणाला बोलावलं नव्हतं.

५ ऑगस्ट

मेहुण्याने नवं खूळ काढलंय. धरणाच्या पायथ्याशी, नदीपात्रातल्या सपाट खडकांवर लाल खुर्च्या मांडल्यात. पर्यटकांना बसवतो, फोटो काढतो — मागे भिंत, पुढे तुम्ही. दरवाजे उघडले की पाणी पहिलं त्याच खडकांवर येतं! जाऊन सांगितलं. हसला. "भावोजी, तुमचा भोंगा आहे ना? तीनदा वाजला की उठू, पंधरा मिनिटं पुष्कळ झाली."

नियम माझाच मला ऐकवतो! बायकोही त्याचीच री ओढते. "आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी जीव रमलाय त्याचा. तुमच्या पोटात का दुखतं?"

दुखतं. इथे तरी खोटं कशाला लिहू? रिकामटेकडा होता तोवर बरा होता.

१० ऑगस्ट, रविवार

सासूबाई धरणावर आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा — आणि तेही लेकाच्या खुर्च्या बघायला! माझ्या खोलीत डोकावून बायकोला विचारतात, "जावई इथे दिवसभर करतात काय?" मेहुणा तिथेच. म्हणाला, "बसतात, आई. माझ्याकडे निदान गिऱ्हाइकं बसतात!" सगळे हसले. बायकोसुद्धा.

डोकंच फिरलं. तो खाली जाऊन खुर्चीत टेकला असेल एवढा वेळ जाऊ दिला, आणि भोंगा दिला. एक. दोन. तीन. पाणीबिणी काही सोडायचं नव्हतं. लगेच कठड्याशी जाऊन उभा राहिलो.

काय धावली माणसं! सगळ्यांत पुढे मेहुणा — डोक्यावर खुर्ची, एक चप्पल तिथेच राहिलेली. वरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोट धरून हसलो. कित्येक वर्षांत असा हसलो नव्हतो. नोंदवहीत लिहिलं — भोंग्याची चाचणी घेतली.

११ ऑगस्ट

मेहुणा बोलत नाही. उत्तम.

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा 'चाचणी'. त्याला पळताना बघायची चटक लागली म्हणा! पण आज निम्मेच पळाले. मेहुणा तर जागचा हललाही नाही. खालूनच मला कोपरापासून नमस्कार केला. नाटकी मेला!

साहेब मात्र खूश. "लोकांना भोंगा फार आवडला. दर रविवारी ठेवू या का?" मी नको म्हटलं. का नको ते काही बोललो नाही. काय सांगणार होतो?

२० ऑगस्ट

बायको चिडली — "भोंगा म्हणजे काय खेळणं आहे?" मी म्हटलं, आधी भावाला विचार, नदी म्हणजे काय दिवाणखाना आहे? झकास जमलं वाक्य. दिवसभर मनात घोळवत होतो.

२४ ऑगस्ट, रविवार

वरच्या डोंगरांत धो धो पाऊस, इथे लख्ख ऊन. त्यामुळे गर्दी तशीच. दुपारी दोनला पाणी लाल खुणेला टेकलं. साहेबांचा फोन — "चार दरवाजे. उशीर नको."

तीन भोंगे दिले. मेहुण्याला फोन लावला. दोनदा. उचलला नाही. उचलेल कशाला! माझ्या खोलीतून खडक दिसत नाहीत, कठड्यापर्यंत जावं लागतं. दोन मिनिटांची वाट. जावं असं मनात आलं होतं. मग वाटलं, मी का जाऊ? पुन्हा कोपरापासून नमस्कार घ्यायला? भोंगा वाजलाय, माणसांना कान आहेत!

बरोबर पंधरा मिनिटांनी दरवाजे उघडले. वर नेहमीसारख्या टाळ्या झाल्या. मग टाळ्या थांबल्या.

२६ ऑगस्ट

मेहुणा काल सापडला, खालच्या पुलापाशी. त्याच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकच बाई वाचली आहे. आज पोलिसांना सांगत होती, मी आणि बायको समोरच उभे होतो. म्हणाली, "आम्ही उठलो होतो हो! पण त्यानेच परत बसवलं. म्हणाला, बसा, घाबरू नका. वर आमचे भावोजी आहेत. माझ्यावर रुसले की वाजवतात."