घरात इग्बो बंद

३ मार्च, एनुगू, नायजेरिया.
कादंबरीचं नाव ठरलं : ‘गोऱ्यांनी पळवलेली जीभ’. लिहिताना अंगावर काटा आला. कादंबरी अर्थात इंग्रजीत. लंडनच्या प्रकाशकाला आमची इग्बो भाषा येत नाही, त्याला मी काय करणार?
आई गावाहून राहायला आलीय. आल्या आल्या माझ्या लेकीशी, कोसीशी, इग्बोत सुरू. पोरीची प्रवेशपरीक्षा तोंडावर, इंग्रजी बिघडायचं! आईला इंग्रजी येत नाही, म्हणून बायकोकरवी तिला सांगितलं, घरात इग्बो नको. आई बरं म्हणाली. समजूतदार आहे बिचारी.

९ मार्च.
आजी-नात एका सोफ्यावर बसून एकमेकींकडे बघून नुसत्या हसतात. पण दोष माझा नाही. शाळेत इग्बो बोललं की फादर छडी मारायचे, माझी भाषा तिथेच गेली. चौथं प्रकरण त्यावरच आहे. बायकोला, उजुला, वाचून दाखवलं. म्हणाली, छान, आता छडी तुमच्या हातात.
तिला साहित्यातलं कळत नाही.
संकल्प : सोमवारपासून मी आणि कोसी, दोघांनी आईकडे इग्बो शिकायचं.

सोमवार.
जमलं नाही. आम्हा इग्बो लोकांचा आठवडा मुळात चार दिवसांचा. सोमवार ही गोऱ्यांची भानगड. त्यातल्या ‘एके’ नावाच्या बाजारवारी सुरू करू.

१६ मार्च.
‘एके’वार होऊन गेला. पाचवं प्रकरण अडलंय.
शनिवारी लंडनहून डॉ. विनिफ्रेड येणार, माझ्यावर लेख लिहायला! त्यांच्यापुढे पाहुण्याला द्यायच्या कोलाच्या बिया ठेवून अस्सल स्वागत करणार. उजु म्हणाली, कोलावरची प्रार्थना इग्बोत लागते, येते का? म्हटलं, रक्तात आहे. म्हणाली, रक्तातून तोंडात कधी येणार?

शनिवार.
नको ते झालं. कोलाची बशी उंच धरली. पहिली ओळ दणक्यात म्हटली. पुढची आठवेना. शेवटी पूर्वजांना उद्देशून ‘लेडीज अँड जंटलमेन’ म्हणून मोकळा झालो. ही प्रार्थना बायकांनी म्हणायची नसते, म्हणून आई ओठ आवळून बसलेली.
विनिफ्रेडबाईंनी सहज आईला विचारलं, कशा आहात? आणि आई चक्क इंग्रजीत बोलली! म्हणाली, मी मजेत. इंग्रजी नातीनं शिकवलं. आमच्या घरात इग्बो बंद आहे ना, मग पोरीशी बोलायचं कसं? हे सांगताना अभिमानानं माझ्याकडे बघत होती.
बाईंनी सगळं लिहून घेतलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

रविवार.
लाज वाटते, दुसरं काही नाही. उजुकडून चार वाक्यं इग्बोत घोकून घेतली : आई, माझं चुकलं. ही भाषा तुझी आहे, घर तुझं आहे. कोसीशी मनसोक्त बोल.
आईसमोर गुडघ्यावर बसून म्हटली. आई कान देऊन ऐकत राहिली. पुन्हा म्हटली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, काय म्हणतोस ते कळत नाही रे बाळा. इंग्रजीत सांग, आता मला येतं.
इंग्रजीत सांगितलं.