ब बाजूचं शेवटचं गाणं

आप्पा,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी सांगतो. नवागामच्या खोलीतला अ‍ॅम्प्लिफायर, ज्याचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा मीच गुंडाळला होता. अठरा मिलिमीटर प्लायवूडचे दोन स्पीकर. दुरुस्त केलेले रेडिओ मी यात धरत नाही. आणि चार जुने डेक जोडून केलेलं ते मशीन, एक कॅसेट वाजवायचं आणि त्याच वेळी तीन भरायचं. कुणी शिकवलं नाही. दहावी नापास माणूस मी, पण चारही मोटरींचा वेग असा जुळवला होता की प्रतीत सूर केसभर हलायचा नाही. त्या मशीनचा मला अजून अभिमान आहे, आणि लाज वाटते तीही त्याच्यामुळेच.

तुम्ही बारा तास लूमवर उभे राहायचे आणि श्रावणात कानबाई देवीची गाणी म्हणायचे. एका वर्षी तुमच्या पाळीची भिशी उचलून तुम्ही उधन्याच्या स्टुडिओत आठ अहिराणी गाणी भरली. पाचशे कॅसेटी. कव्हरवर पांढऱ्या टोपीतला तुमचा फोटो आणि खाली छापलेली किंमत, तीस रुपये. शेवटच्या गाण्यानंतर तुम्ही दोन वाक्यं बोलला होता, की या गाण्यांचा सराव माझ्या मुलानं स्वतः केलेल्या मशीनवर झाला. कॅसेटीत माझं नाव घेणारे तुम्ही पहिले आणि शेवटचे.

आठ दिवसांत तुमच्याच लूमच्या खात्यातला एक कारागीर माझ्या कॅसेटी भरून द्यायच्या दुकानावर आला. ‘‘आप्पांची गाणी झकास आहेत रे, पण तीस रुपये? तू भरून दे ना, घरचीच तर आहे.’’ मी भरून दिली, बारा रुपयांत. वाटलं, एकच आहे. मग दुसरा आला. मी नाही दिली तर हा पांडेसऱ्याला दुसऱ्या दुकानात जाऊन भरून घेईल, असं मी स्वतःला सांगितलं. साठ मिनिटांची रिकामी पट्टी महाग पडायची, चाळिशीची स्वस्त. तुमची अ बाजू वीस मिनिटांत बसत होती, ब बाजू चोवीस मिनिटांची होती. मी ब बाजूचं शेवटचं गाणं आणि त्यामागचं तुमचं बोलणं सोडून दिलं. हिशेब चोख होता.

कानबाईच्या विसर्जनाचा दिवस. तुम्ही कापडी पिशवी खांद्याला लावून मिरवणुकीच्या कडेला उभे आहात. मी चहा घेऊन येतो आहे, दहा पावलांवर आहे. शेजारच्या गल्लीतली एक बाई कॅसेट हातात घेते, उलटीपालटी करते आणि हसत म्हणते, ‘‘आप्पा, तीस का बरं? तुमना पोऱ्याकडे तं बाराले भेटस! आनि वर चहा बी पाजस!’’ भोवतीच्या सगळ्या बायका हसतात. तुम्ही तिच्या हातातली कॅसेट परत घेता, कव्हरवरची धूळ पुसता आणि म्हणता, ‘‘ती त्यानी शे, बहीन. ही मनी शे.’’ माझ्याकडे तुम्ही बघितलं नाही. चहा मात्र घेतला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उरलेल्या कॅसेटींचा खोका दुकानात आणून ठेवला. ‘‘पट्टी चांगली शे. तुना कामले येई.’’ मला तेव्हा टोमणासुद्धा कळला नाही, की टोमणा नव्हताच? मागच्या खाचांवर चिकटपट्टी लावली की तयार कॅसेटही पुन्हा भरता येते. तीनशे बारा होत्या. तुमच्या आवाजावर मी लग्नाची, सिनेमाची गाणी भरत गेलो. त्यातली एक मी न पुसता वेगळी ठेवली होती. तीही कुठल्या लग्नाच्या गाण्यांखाली गेली ते आठवत नाही, आणि मला सगळं आठवतं.

पुढे तीस रुपयांत दीडशे गाण्यांची सीडी आली, मग वीस रुपयांत मी अख्खं मेमरी कार्ड भरून द्यायचो. आता बमरोलीच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करतो आणि गाण्यांना कुणी काहीच देत नाही. तुमच्या नातीला तुमच्या कॅसेटीची किंमत सांगितली तर म्हणते, ‘‘आठ गाण्यांचे तीस? ए तो लूट छे, पप्पा!’’

मागच्या महिन्यात धुळ्याकडचा एक माणूस दुकानात आला. जुन्या अहिराणी कॅसेटी गोळा करतो, मोबाईलवर चढवतो, कुणीही फुकट ऐकावं म्हणून. तुमची कुठेच मिळाली नाही म्हणाला. माझ्या काचेच्या कपाटात त्याला तुमचं कव्हर दिसलं, पांढऱ्या टोपीचं. त्याने पाच हजारांपासून सुरुवात केली. मी म्हटलं, बापाची वस्तू विकत नसतो. त्याने माझ्यापुढे हात जोडले, आप्पा. असा मुलगा हवा म्हणाला.

त्या कव्हरच्या आत माझी चाळीस मिनिटांची प्रत आहे. सातच गाणी. तेवढीही लोकांनी ऐकली असती, पण त्याने ब बाजू लावली असती आणि आठवं कुठे आहे असं विचारलं असतं. हे मी त्याला सांगू शकलो नाही. जाताना तो पुन्हा वळला आणि शेवटचा आकडा बोलला, पंधरा हजार. मी नाही म्हटलं.