त्या डॉक्टरीणबाई

छोटे,

काल पंथाच्या सभेत मी पुन्हा ठणकावून सांगितलं, मनाचे डॉक्टर आत्म्याला गुंगी आणतात, त्यांच्या गोळ्या म्हणजे विष. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू आली नव्हतीस.

सभेनंतर मी थेट तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोर जाऊन उभी राहिले. तू बाहेर आलीस. रडून डोळे सुजलेले, आणि तरी चक्क हसत होतीस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई गेल्यापासून तू रडायचीस ती माझ्या मांडीवर. ही बाई कोण लागून गेली?

पंथाच्या गुरुजींकडे विरोधाची कारणं ढीगभर आहेत. माझं हे एवढंच.

झोप लागते ना आता? मग गोळ्या घे, मी कुणाला सांगणार नाही. फक्त तिच्यासमोर रडू नकोस गं.

तुझी, अजून तरी,
ताई