अक्काचं मंगलाष्टक आणि माईकची शिट्टी

१ मे
साक्षीचं लग्न आठवड्यावर आलं. साउंडवाल्या नरसिंगला आज नकार कळवला. गेल्या लग्नात त्याच्या माईकने अशी शिट्टी मारली की नवरदेवाचा घोडा बिथरला. मी मुखेडला तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय. माझ्या मुलीच्या मांडवात साउंड मीच बघणार. टार्गेट: शिट्टी शून्य.
सुभद्राने विचारलं, तुमी कधी माईकला हात तरी लावलाय का. बायको कॉमर्सची. सोडून दिलं.

२ मे
साक्षीची एकच अट. तिला लहानपणी सांभाळणाऱ्या आत्याचं, म्हणजे रेणापूरच्या माझ्या धोंडाबाई अक्काचं, स्वतः रचलेलं मंगलाष्टक तिला नीट ऐकायचंय. शब्द दिला.

४ मे, सकाळ
भाड्याचा सेट आणला. गणित सोपं आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो, माईकचा परत स्पीकरमध्ये. लाट फिरून फिरून फुगते, तीच शिट्टी.

दुपार
मोबाईलवर शिट्टीची फ्रिक्वेन्सी पकडली. इक्वलायझरची ती पट्टी खाली ओढली. शिट्टी दुसऱ्या सुरात आली. ती ओढली. तिसरी आली. पाच वाजेपर्यंत सगळ्या पट्ट्या खाली. शिट्टी बंद. आवाजही बंद. निम्मं काम झालं.

६ मे
जागा सापडली! स्टेजवर खडूने फुली मारली. माईक फुलीवर असला की शांत. बोटभर सरकला की शिट्टी, दोन बोटं सरकला की भलतीच शिट्टी. अक्काला फुलीवर उभं करून प्रॅक्टिस घेतली. मान अजिबात हलवायची नाही, असं बजावलं. ती म्हणाली, देविदास, मी काय पुतळा हाय का रे.

८ मे, सकाळी ११
मांडववाल्यांनी स्टेजवर सतरंजी अंथरली. फुली खाली गेली. हरकत नाही, अंदाज आहे.

दुपारी २
दोन मंगलाष्टकं छान झाली. मग माईक अक्काकडे गेला. तिने तोंड उघडलं आणि शिट्टी. बँडवाल्यांना तो इशारा वाटला, त्यांनी वाजवायला घेतलं. पाहुण्यांनी उरलेल्या अक्षता एकदम उधळल्या. अंतरपाट खाली, हार गळ्यात. मुहूर्ताच्या चार मिनिटं आधीच लग्न लागलं. अक्काचं तोंड उघडंच.
साक्षी रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. चूक माझी, असं क्षणभर वाटून गेलं. मग सतरंजी आठवली.
तेवढ्यात पाहुणा म्हणून आलेला नरसिंग उठला आणि त्याने वायर उपटली. म्हणाला, म्हना आक्का, लोक हायत. अक्काने पदर खोचला आणि तसंच म्हटलं. एकेक शब्द पार मागे चुलीपर्यंत गेला. आचारी झारा धरून ऐकत उभा राहिला. साक्षी तिच्या गळ्यात पडली.

संध्याकाळी ६
शिट्टी शून्य. शब्द पाळला, असं म्हणायला हरकत नाही.
अक्काला रेणापूरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, देविदास, आता मान हलवली तर चालंल का.