लाल पदराची इरकल

अप्पा,

तुम्ही दिलेल्या इरकलीचा फोटो मी बाजारात मांडला. साडी नाही, नुसता फोटो. साडी कपाटातच आहे, वरच्या कप्प्यात, तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मुद्दाम बसून तुम्हाला कळवावं असं माझ्या हातून काही घडलंच नाही. आता घडलंय, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच थांबवाल. मी कारकून होते ती शाळा बंद पडली. नांदेड सोडून लातूरला परत जावं तर तिथे आता आपलं कोण आहे? मग मोबाइलवर हे शिकले. लोक तिथे दिवसभर नुसते फोटो बघतात, आवडला की जपून ठेवतात. फोटोखाली मी एक लिंक देते. ती दाबली की कंपनीचं दुकान उघडतं, आणि कुणी तिथून काही घेतलं की मला थोडा वाटा मिळतो. मोंढ्यातल्या दलालासारखंच, फक्त दलाल निदान पोत्यात हात घालून माल बघतो. मी तेवढंही करत नाही. सुरुवातीला मसाल्याचे डबे, भिंतीवरची घड्याळं, पडदे असलं टाकत गेले. सगळे फोटो कंपनीचेच, तेच हजार बायका टाकतात. कुणी ढुंकून बघितलं नाही. महिनोन्महिने मी त्या मोबाइलशी एकटीच बोलत होते म्हणा ना.

मग एका दुपारी तुमची इरकल काढली. खिडकीजवळच्या पलंगावर पसरली, कारण तुम्हीच शिकवलं होतं की ट्यूबलाइटखाली कापड खोटं बोलतं. तीन वाजताचं ऊन त्या हिरव्या अंगावर आणि लाल पदरावर पडलं, आणि अप्पा, मला रडू आलं. फोटो घेतला. खाली कंपनीच्या दुकानातल्या तशाच दिसणाऱ्या एका साडीची लिंक दिली. दिसायला तशीच, एवढंच मला ठाऊक होतं. चार दिवसांत इतक्या बायकांनी तो फोटो जपून ठेवला की मला वाटलं मोबाइल बिघडला. आणि एक सांगायचं राहिलं. काठाजवळची ती खोट मी घडीच्या आत घेतली होती.

ती खोट तुम्हाला आठवत असेल. मला नोकरी लागली त्या आठवड्यात तुम्ही कामाला होता त्या दुकानातून साडी घेऊन आलात. आई भाकरी थापत होती, पिठाच्या हातानेच उठून आली. तुम्ही मला दारात, उजेडात नेलं आणि साडी उलगडण्याआधी काठाजवळ बोट ठेवलं. "हे बघ, इथं दोन तार तुटल्यात. म्हणून मालकानं कमी भावात दिली. आधी खोट बघ, मंग साडी बघ." दुसऱ्या कुणाचे वडील पोरीला भेट देताना आधी खोट दाखवत नसतील. मला तेव्हा राग आला होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर याच माणसाला दुकानाने खोटीचा माल द्यावा, आणि यानेही तो मुकाट आणावा, असं वाटलं होतं. कदाचित त्यामुळेच मी ती एकदाही नेसले नाही. नीट जपून ठेवायची आहे असं सगळ्यांना सांगत राहिले, आणि मग सांगायला सगळे उरले नाहीत.

तुम्ही गिऱ्हाइकालाही असंच करायचा. गंजगोलाईतल्या त्या दुकानात गादीवरून उठून साडी दारापर्यंत न्यायची, पदराचं टोक पाण्यात भिजवायचं, आपल्या पांढऱ्या रुमालावर घासायचं आणि तो रुमाल बाईच्या हातात द्यायचा. बाकीचे नोकर हसायचे. मी दहा वर्षांची आहे, दिवाळीची सुट्टी आहे, दुकानात तुमच्या मागे बसलेय. निलंग्याहून आलेली एक बाई विचारते, रंग जातो का हो? तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकात आहात. बाकीच्यांचं ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलेलं, मी ठसक्यात सांगते, अजिबात जात नाही. तुम्ही वळता. आवाज चढवत नाही, पण सगळं दुकान ऐकतं. "तू धुवून बघितलीस का? मंग कशाला सांगायलीस?"

आता फोटोवरून आलेल्या एका बाईचं सांगते. माहूरला देवीच्या पायऱ्यांजवळ तिचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे, नारळ, खण, हिरव्या बांगड्या. फोटो बघून तिने निरोप पाठवला. भाचीच्या लग्नात नेसायची होती. तिने विचारलं, ताई, रंग जातो का? आणि मी लिहिलं, नाही जात, माझ्याकडे हीच आहे. अप्पा, मी पन्नाशीला आले, आणि तोच ठसका.

साडी तिच्याकडे पोचली, तिला आवडली, आणि ती मला निरोप पाठवत राहिली. दुपारी गर्दी ओसरली की दीड वाजता तिचा निरोप येतोच: जेवून राहिल्या का ताई? या खोलीत मला हे विचारणारं दुसरं कुणी नाही. घरमालकीण पाण्याची मोटर लावली का एवढंच विचारते. मग मी दीड वाजेपर्यंत जेवायची थांबू लागले, म्हणजे उत्तर द्यायला काहीतरी असावं.

लग्न भर उन्हाळ्यात होतं. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज आला, लिहिलेला नाही, बोललेला. पदराचा लाल रंग घामाने उतरला, पोलक्याचा खांदा गेला, मान लाल झाली, बायका हसल्या. माझ्यावर ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "ताई, तुमच्या साडीचाबी रंग असाच गेला का हो?"

खरं सांगायचं तर एका ओळीचं काम होतं. माझी साडी वेगळी आहे, तुम्हाला पाठवली ती मी कधी हातातही धरली नव्हती. ती ओळ मी टाइप केली आणि पुसली. मग लिहिलं, हो ना, माझाही गेला. मलाही फसवलं त्यांनी. तिने लगेच लिहिलं, जाऊ द्या ताई, आपण दोघी सारख्याच. ते 'दोघी' वाचून मला किती बरं वाटलं हे सांगायचीही लाज वाटते. तुमच्या साडीचा रंग गेला असं मी जगाला सांगितलं, अप्पा. तुमच्या हातून गेलेल्या कापडाबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

काल दुपारी साडी पुन्हा काढली. पदराचं टोक भिजवलं आणि तुमच्याच एका रुमालावर घासलं, तुम्ही घासायचा तसं, तीनदा, दाबून. रुमाल खिडकीशी नेऊन बघितला. पांढराच होता. मी तो उलटापालटा करून बघत राहिले. थोडा जरी लाल झाला असता तरी मी सुटले असते.

हे पत्र कुठे टाकणार? धोतराच्या फडक्यात, साडीबरोबर राहील. फोटो आज सकाळी काढून टाकला. त्या बाईला मात्र अजून काही सांगितलेलं नाही. आता सव्वा वाजलाय, आणि मी जेवायची थांबलेय.